थायरॉइडची गोळी आणि बिचारा अँफिऑक्सस

'एका माशाने डार्विनला पाडलं उघडं' या मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या फिरतोय. हा मासा म्हणजे अँफिऑक्सस. मुळात तो मासा नव्हे, समुद्राच्या वाळूत राहणारा माशासारखा दिसणारा छोटा जीव आहे, पण पुढे जे लिहिलंय त्याच्या मानाने ही चूक किरकोळ आहे. संदेशात सहा मुद्दे आहेत. अँफिऑक्सस हा माणसाचा पूर्वज असं पुस्तकांत शिकवतात, पण २००६ साली शास्त्रज्ञांनीच ते गुपचूप मागे घेतलं. हा प्राणी ५० कोटी वर्षांत तसूभरही बदललेला नाही, म्हणजे उत्क्रांती होतच नाही. त्याला डोकं नाही, मग आपल्याला डोकं आलं कुठून? जीवाश्मांमध्ये मधला दुवा एकही नाही. ज्यांनी या प्राण्याला आधी गोगलगाय ठरवलं त्यांच्यावर विश्वास काय ठेवायचा? आणि सहावा: या प्राण्याला थायरॉइड ग्रंथी नाही तरी तो कोट्यवधी वर्षं ठणठणीत आहे, तेव्हा थायरॉइडची गोळी हा निव्वळ धंदा आहे. आठवडाभर बंद करून बघा, काहीही होत नाही, शरीर आपोआप 'मूळ स्थितीत' येतं.

पहिले पाच मुद्दे वाचून मी नेहमीप्रमाणे पुढे सरकलो असतो. पण हा संदेश मावशीने पाठवला होता. ती बरीच वर्षं थायरॉइडची गोळी घेते. खाली लिहिलं होतं, "बघ रे जरा, तुला यातलं कळतं. मी करून बघू का आठवडाभर बंद?" तिला फोनवर जे बोलायचं ते बोललो. पण तिला ज्यांनी पाठवला त्यांना कोण सांगणार? म्हणून हे उत्तर. संदेशाचा क्रम मी पाळणार नाही, सहावा मुद्दा आधी घेतो.

तर्क बघा. अँफिऑक्ससला थायरॉइड नाही, म्हणून ती आपल्यालाही नको. ठीक. अँफिऑक्ससला हृदयसुद्धा नाही. रक्तवाहिन्याच आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतात. ते रक्तही रंगहीन, हिमोग्लोबिनचा पत्ता नाही. जबडा नाही, अंगात हाड म्हणून नाही, आपल्यासारखी मूत्रपिंडं नाहीत. चार-सहा सेंटिमीटरचा हा जीव उथळ समुद्राच्या तळाशी भरड वाळूत अंग गाडून घेतो, तोंड तेवढं बाहेर ठेवतो आणि पाणी गाळून पोट भरतो. त्याला जे नाही ते आपल्याला अनावश्यक, असा नियमच करायचा असेल तर संदेश लिहिणाऱ्याने सुरुवात स्वतःच्या हृदयापासून करावी. गोळीचं नंतर बघू.

बरं, नुसता तर्कच फसलाय असंही नाही. माहितीही धडधडीत उलटी आहे.

अँफिऑक्ससचं अंग जवळजवळ पारदर्शक असतं. जिवंत प्राणी भिंगाखाली ठेवला तर कडेने एकामागून एक बसलेले स्नायूंचे बाणासारखे टोकदार पट्टे दिसतात आणि पुढच्या भागात घशाची जाळी दिसते: तिरक्या कल्लाविदरांची, म्हणजे कल्ल्यांच्या फटींची, रांगच रांग. या जाळीच्या तळातून, बरोबर मधोमध, एक पन्हळ गेलेली असते. तिला एंडोस्टाइल म्हणतात. पन्हळीतल्या पेशी चिकट स्राव सोडतात, पक्ष्माभिका, म्हणजे पेशींवरचे हलते बारीक केस, तो स्राव जाळीवरून वर ढकलत नेतात, पाण्यातले कण त्यात अडकतात आणि सगळा ऐवज मागे आतड्याकडे जातो. झाली अन्न गोळा करायची सोय. पण याच पन्हळीतल्या काही ठरावीक पट्ट्यांतल्या पेशी आणखी एक काम करतात. समुद्राच्या पाण्यातून आलेलं आयोडीन त्या ओढून घेतात आणि प्रथिनांना जोडतात. आपल्या शरीरात हे काम कोण करतं? थायरॉइड. आपल्या थायरॉइडमध्ये ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) आयोडीन जोडलं जातं, त्या थायरॉइड पेरॉक्सिडेजचं जनुक इथे एंडोस्टाइलमध्येही काम करताना दिसतं.

योगायोग म्हणायचा का? मग लॅम्प्रे बघा. हा जबडा नसलेला, पण पृष्ठवंशीय, म्हणजे आपल्यासारखाच पाठीच्या कण्याच्या गटातला प्राणी. त्याचं पिल्लू काही वर्षं नदीच्या गाळात स्वतःला गाडून घेऊन, अँफिऑक्सससारखंच पाणी गाळून जगतं, आणि त्याच्या घशातही एंडोस्टाइल असते. पिल्लाचं प्रौढात रूपांतर होताना ही एंडोस्टाइल मोडते आणि तिच्याच पेशींतून थायरॉइड तयार होते. एका प्राण्याच्या एका आयुष्यात हा बदल घडतो, त्यासाठी कोट्यवधी वर्षं थांबावंही लागत नाही. आपल्या गर्भातसुद्धा थायरॉइड मानेत उगवत नाही. ती घशाच्या तळाशी, जिभेच्या मुळापाशी एका खळग्यातून सुरू होते आणि मग खाली मानेत उतरते. तो खळगा मोठेपणीही जिभेच्या मागच्या भागावर खूण म्हणून उरतो. क्वचित एखाद्याची ग्रंथी उतरतच नाही, जिभेतच राहून जाते.

आणि ज्याला थायरॉइडची गरज नाही म्हणून मिरवलं जातंय, त्या अँफिऑक्ससचं काय? त्याचं डिंभक, म्हणजे अंड्यातून निघालेलं पिल्लू, प्रौढ होतं तेच मुळी थायरॉइड संप्रेरकाच्या जातकुळीतल्या रेणूमुळे. २००८ साली हे प्रयोगांनी दाखवलं गेलं. त्या संप्रेरकाचा निरोप पेशीत घेणारा ग्राहक रेणू औषधाने अडवला की रूपांतर अडतं. म्हणजे ग्रंथी वेगळी काढून दाखवता येत नसली तरी तिचं काम त्या प्राण्यात चालू आहे, आणि ते बंद पडलं तर तो मोठाच होत नाही. गोळीविरुद्ध साक्षीदार आणायचा तर निदान फितूर न होणारा तरी आणायचा.

आता 'आठवडाभर बंद करून बघा, काहीही होत नाही' हे वाक्य. अख्ख्या संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण ते आठवड्यापुरतं खरं आहे. ग्यानबाची मेख इथेच आहे. गोळीतलं लिव्होथायरॉक्सिन रक्तात निम्म्यावर यायलाच साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे आठवडाभराने माणसाला बरंच वाटतं, 'बघा, उगाच घेत होते' असं तो चारचौघांना सांगतो, आणि पुढच्या काही आठवड्यांत थकवा, थंडी न सोसणं, अंगावर सूज, मंदावलेली नाडी, वाढलेलं कोलेस्टेरॉल हळूहळू जमा होत जातं. तेव्हा कोणाला तो संदेश आठवत नाही, वयाला दोष दिला जातो. फार काळ दुर्लक्ष झालं तर माणूस बेशुद्ध होऊन जिवावर बेतू शकतं. जन्मतःच थायरॉइड कमी असलेल्या बाळाला वेळेवर औषध मिळालं नाही तर मेंदूच्या वाढीचं कायमचं नुकसान होतं. ही आपली 'मूळ स्थिती'.

एक गोष्ट मान्य करतो. टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा, सीमारेषेच्या जरासाच वर असलेल्या काही जणांना गोळी सुरू केली जाते आणि ती खरंच लागते का, यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही. पण त्याचा निकाल रक्ताच्या तपासणीवर आणि डॉक्टरांसमोर बसून लागतो. वाळूतल्या जिवाकडे बोट दाखवून नाही.

आता २००६. 'गुपचूप मागे घेतलं' म्हणे! ज्या लेखाबद्दल हे चाललंय तो 'नेचर' या नामवंत विज्ञान-नियतकालिकात छापून आला होता. यापेक्षा जाहीर जागा विज्ञानात कुठली? मात्र इथे अर्धं सत्य आहे, आणि ते नाइलाजाने द्यावं लागतं. जवळजवळ शतकभर अँफिऑक्ससला पृष्ठवंशीयांचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग समजत होते. फ्रेडरिक डेल्सुक आणि सहकाऱ्यांनी १४६ जनुकांची तुलना केली तेव्हा तो मान ट्युनिकेटांकडे गेला. ट्युनिकेट म्हणजे खडकांना आणि जहाजांच्या तळांना चिकटून बसणाऱ्या, पाणी आत घेऊन बाहेर सोडणाऱ्या पिशव्या. दिसायला अगदीच यथातथा. पण त्यांच्या पोहणाऱ्या डिंभकाच्या शेपटीत नोटोकॉर्ड असतो, म्हणजे पाठीतला तो लवचीक दांडा, ज्याच्या जागी आपल्यात पुढे मणके येतात. हे अलेक्झांडर कोवालेव्हस्कीने १८६६ मध्येच दाखवलं होतं.

तर क्रमांक बदलला. मग काय कोसळलं? 'पूर्वज' हा शब्द संदेशवाल्याचा आहे. आजचा कुठलाही जिवंत प्राणी आपला पूर्वज नसतो, जसा चुलतभाऊ आपला आजोबा नसतो. अँफिऑक्सस जरा लांबचा चुलत ठरला, एवढंच. उलट यामुळे त्याचं महत्त्व वाढलं. जी गोष्ट अँफिऑक्ससमध्ये आहे आणि आपल्यातही आहे, ती या तिन्ही गटांच्या सामाईक पूर्वजातही असणार, असं आता जास्त ठामपणे म्हणता येतं. जवळचे नातलग ट्युनिकेट, पण त्यांनी घराण्याचा ऐवज पार विकून खाल्लाय. डिंभक खडकाला चिकटलं की शेपूट, नोटोकॉर्ड, शेपटीतला चेतारज्जू (मज्जातंतूंची दोरी) सगळं जिरवून टाकतं. जनुकांतही तीच तऱ्हा, त्यांची मूळची मांडणी विस्कटलेली आहे. जुनी मांडणी बघायची तर अँफिऑक्ससकडेच यावं लागतं.

'५० कोटी वर्षांत तसूभरही बदलला नाही.' कशावरून? चौथ्या मुद्द्यात जीवाश्मच नाहीत म्हणता आणि दुसऱ्या मुद्द्यात ५० कोटी वर्षांपूर्वी तो हुबेहूब असाच होता म्हणता. दोन्ही एकाच माणसाने लिहिलंय की वाटून घेतलं होतं?

शरीराची एकूण ठेवण जुनी आहे, आणि त्याच्या जनुकांचा बदलाचा वेग संथ आहे, हे खरं. पण 'बदलला नाही' हे खोटं. त्याचा नोटोकॉर्ड थेट अंगाच्या पुढच्या टोकापर्यंत, मेंदूच्याही पुढे जातो; आपल्या गर्भात तो मेंदूखाली मध्येच थांबतो. त्या नोटोकॉर्डमध्ये स्नायूतंतू असतात आणि तो आकुंचन पावतो, हीही त्याची खास तऱ्हा. डिंभकाचं तोंड चक्क डाव्या कुशीवर उघडतं आणि कल्लाविदरांची पहिली रांग उजवीकडे जाते. असला तिरपागडा प्रकार आपल्या सामाईक पूर्वजात असेल असं मानायला आधार नाही. आज त्याच्या तीन प्रजाती-गटांत मिळून साधारण तीस जाती आहेत. एक तर समुद्रतळाशी पडलेल्या देवमाशाच्या सांगाड्याजवळ सापडलेली आहे. २००८ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या जातीचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय मजकूर, वाचला तेव्हा त्या एकाच प्राण्याच्या गुणसूत्रांच्या दोन प्रतींमध्ये दर शंभर अक्षरांमागे जवळपास चार अक्षरं वेगळी निघाली. माणसात हा फरक हजारात एखाद्या अक्षराचा. न बदलणारा प्राणी म्हणे!

तो २००८चा शोधनिबंध संदेशवाल्याने वाचला असता तर डोक्याचा मुद्दा लिहायला त्याचा हात धजला नसता.

डोकं शून्यातून आलं का? गंमत अशी की 'पृष्ठवंशीयांचं डोकं ही नवी गोष्ट आहे' हे खुद्द जीवशास्त्रज्ञ गॅन्स आणि नॉर्थकट यांनी १९८३ मध्येच मांडलं होतं. कवटी, जबडे, चेहऱ्याच्या बऱ्याचशा नसा ज्या पेशींतून घडतात त्या भटक्या पेशींना न्यूरल क्रेस्ट म्हणतात, आणि त्या अँफिऑक्ससमध्ये नाहीत. म्हणजे संदेशवाल्याने शास्त्रज्ञांचाच प्रश्न उचलला आणि उत्तर मात्र तिथेच ठेवून आला.

पहिली गोष्ट, 'डोकं नाही' म्हणजे काहीच नाही असं नव्हे. चेतारज्जूच्या पुढच्या टोकाला एक लहानसा फुगवटा असतो. त्याच्या अगदी टोकाला रंगद्रव्याचा एक ठिपका आणि त्यामागे प्रकाश टिपणाऱ्या मूठभर पेशींची ओळ. एकच, मधोमध. २०१२ साली त्या पेशींतली प्रथिनं तपासली तेव्हा रंगद्रव्याच्या आणि प्रकाशग्राही पेशी आपल्या डोळ्यांतल्या त्या-त्या पेशींच्याच जातीच्या निघाल्या. त्या फुगवट्यात चालू असणारी ओटीएक्ससारखी जनुकं आपल्या मेंदूच्या पुढच्या भागातही चालतात. न्यूरल क्रेस्ट नाही, पण चेतारज्जूच्या ज्या कडेवरून त्या पेशी आपल्यात निघतात, ती कड आखणारी बरीच जनुकं अँफिऑक्ससमध्ये त्याच जागी काम करतात.

दुसरी गोष्ट, नवा माल आला कुठून. सुसुमू ओनो यांनी १९७० साली मांडलं होतं की पृष्ठवंशीयांच्या पूर्वजांत अख्ख्या जीनोमची नक्कल झाली असावी. अनेक वर्षं याला हवेतला इमला म्हणणारे होते. मग १९९४ मध्ये दिसलं की शरीराचा पुढून मागे नकाशा आखणाऱ्या हॉक्स जनुकांचा अँफिऑक्ससमध्ये एकच गट आहे. आपल्यात असे चार आहेत, एकूण ३९ जनुकांचे. आणि २००८चा 'नेचर'मधला जीनोम आल्यावर उरलासुरला संशयही बराचसा मिटला. निकोलस पुटनम आणि सहकाऱ्यांनी अँफिऑक्ससची आणि माणसाची जनुकं शेजारी मांडली, तेव्हा आदिम गुणसूत्रांचे १७ संच ओळखता आले, आणि त्यांतल्या संचांचे तुकडे माणसाच्या गुणसूत्रांवर चार-चार ठिकाणी सापडले. एक नक्कल, मग पुन्हा नक्कल. दोन दुणे चार. बहुतेक जादा प्रती नंतर गळून गेल्या, म्हणून आपली जनुकं चौपट नाहीत. अँफिऑक्ससची सुमारे २२ हजार, आपली सुमारे २० हजार. ज्या टिकल्या त्यांत शरीर घडवणाऱ्या आणि पेशींना निरोप देणाऱ्या जनुकांचा भरणा मोठा आहे.

याचं डोक्याशी नातं कसं, तर फॉक्सडी हे जनुक घ्या. अँफिऑक्ससमध्ये ते एकच आहे आणि चेतारज्जूच्या कडेला त्याचं काही काम नाही. आपल्यात नकला होऊन त्याची भावंडं झाली, आणि त्यांतलं फॉक्सडी-३ न्यूरल क्रेस्ट पेशींच्या कामाला लागलं. मूळ काम करायला इतर प्रती होत्याच, एक मोकळी झाली. याला शून्यातून येणं म्हणत असतील तर शून्याची व्याख्या आधी सांगा.

गोगलगायीचा मुद्दा एका परिच्छेदाचाही नाही. पीटर सायमन पलास याने १७७४ मध्ये जतन केलेल्या एका नमुन्यावरून त्याला गोगलगायींत टाकलं. १८३४ मध्ये कोस्टा याने आणि १८३६ मध्ये यारेल याने ते दुरुस्त केलं, १८६७ मध्ये कोवालेव्हस्कीने त्याच्या गर्भाची वाढ पाहून पृष्ठवंशीयांशी नातं पक्कं केलं. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सुधारलेली चूक आज शोध लावल्यासारखी सांगायची, म्हणजे कमाल झाली.

राहिले जीवाश्म. हाड नसलेल्या जिवाचा ठसा दगडात उमटणं मुळात दुर्मीळ. तरी १९९९ मध्ये चीनच्या युन्नान प्रांतातल्या चेंगजियांगच्या थरांतून हायकोउइक्थिस आणि मिलोकुनमिंगिया हे दोन बोटभरही लांब नसलेले जीव जाहीर झाले. वय सुमारे ५२ कोटी वर्षं. हायकोउइक्थिसला डोळे आहेत, कल्ले आहेत, आणि नोटोकॉर्डजवळ मणक्यांच्या सुरुवातीसारखे भागही दिसतात. जबडा नाही, हाडं नाहीत. 'मधला' यापेक्षा आणखी कुठे असतो? कॅनडातल्या बर्जेस शेल या जीवाश्मांच्या प्रसिद्ध खडकांमधला पिकाया हा जीव त्याहून थोडा अलीकडचा. चार्ल्स वॉलकॉटने १९११ मध्ये त्याला वलयी कृमी समजून नाव दिलं, पुढे तो समपृष्ठरज्जू, म्हणजे नोटोकॉर्ड असलेल्या प्राण्यांत आला, आणि २०२४ मध्ये एका अभ्यासाने दाखवलं की इतकी वर्षं सगळे त्याची पाठ खाली आणि पोट वर धरून त्याचं वर्णन करत होते. ही बातमी त्या संदेशवाल्याच्या हाती अजून लागलेली दिसत नाही. लागली की पुढचा संदेश तयारच समजा.